लिलीचं तेल आणि आमचे व्याही

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीच्या दिवाळी अंकात माझा अमेरिकेच्या प्रवासावर एक लेख आला होता. पुष्कळांना तो आवडला. भाजीबाजारात, बँकेत, दाढीच्या दुकानात लोक मला थांबवायचे आणि म्हणायचे, "नाना, तुमचे ते नागपूरचे व्याही म्हणजे धमाल आहेत हो!" मी मान डोलवायचो.

त्या लेखातल्या खारी खऱ्या आहेत, कुंपण नसलेली घरं खरी आहेत, रस्त्यात ओळख ना देख पण हसून 'हाय' म्हणणारी माणसंही खरी आहेत. तेलाचा भाग खोटा आहे. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे. ज्यांनी पहिला लेख वाचला नसेल, त्यांचं काही नुकसान झालेलं नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला वास येत नाही.

सांगलीत आमच्या केशतेलाच्या कारखान्यात मला 'नाक' म्हणायचे. मोगऱ्याच्या अर्कात कुणी स्वस्तातला माल मिसळला तर मी बाटलीचं बूच काढताच सांगायचो. निवृत्तीनंतर एका वर्षी जबरदस्त सर्दी झाली. सर्दी गेली, ती वास घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत. अजून आलेला नाही. हे मी कुणालाही सांगितलं नाही. गवयाने आवाज गेल्याचं कुणाकुणाला सांगत फिरावं? लोक अत्तरं दाखवायला यायचे, मी डोळे मिटून "वा" म्हणायचो. माझ्या पुतण्याच्या उदबत्तीचं मी वर्षानुवर्षं कौतुक केलं आहे. ती कशी आहे ते मला ठाऊक नाही. त्याची इथे माफी मागतो.

विमानतळ

माझी मुलगी मेधा, जावई अभिजित आणि नात इरा ओहायो राज्यातल्या डब्लिन नावाच्या गावात राहतात. निघायच्या आधीच मेधाचा फोन आला होता.

"नाना, इराला स्कूलमध्ये एन्शंट इजिप्त आहे. मेमध्ये 'इजिप्त नाइट' असते, पेरेंट्स बघायला येतात. तिने इजिप्तची सुगंधी तेलं घेतलीयत. म्हणाली, माय ग्रँडपा इज अ परफ्यूम एक्सपर्ट. सगळ्या क्लासला सांगून बसलीय."

आता नाही कसं म्हणणार? मी नागरमोथा, वेखंड आणि हिराबोळ बांधून घेतला. त्या काळच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, सुगंधांत ही आपलीच मंडळी होती, हे मी नोकरीत असताना वाचलं होतं.

अमेरिकेच्या विमानतळावर एका उंचापुऱ्या अधिकाऱ्याने माझी बॅग उघडली. नागरमोथा आणि वेखंड ही मुळं आहेत म्हणून जप्त झाली. त्यांच्या देशात मातीतलं काही न्यायला बंदी. मग त्याने हिराबोळाचा खडा वर धरला. हे काय? इंग्रजी नाव पाठ करून गेलो होतो. "मर्," मी म्हणालो.

त्याचा चेहरा खुलला. पलीकडच्या सोबत्याला त्याने हाक मारली, "हे गृहस्थ मर् घेऊन आलेत! बाकीचे दोघे कुठे आहेत विचार."

मी गंभीरपणे सांगितलं, "सर, मी एकटाच प्रवास करतोय."

ते दोघं इतके हसले की त्यांनी माझी लोणच्याची बरणी उघडलीच नाही. येशूच्या जन्माला पूर्वेकडून तीन शहाणे आले होते आणि त्यांच्यापैकी एकाने हिराबोळ आणला होता, हे मला मेधाने गाडीत सांगितलं. आपल्याकडे तो दुखऱ्या हिरडीला लावतात.

डब्लिन

घरात आमचे व्याही आधीच मुक्कामाला होते. अभिजितचे वडील, आबासाहेब. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नागपूरचे. विहीणबाई धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी तिकडेच राहिल्या होत्या. म्हणजे एका छपराखाली दोन व्याही आणि मध्यस्थी करायला विहीण नाही.

दोन व्याह्यांनी एकत्र राहणं किती अवघड असतं, हे अमेरिकन माणसाला समजावता येत नाही. मी सोफ्यावर बसल्याशिवाय ते बसत नसत, ते बसल्याशिवाय मी बसत नसे. त्यामुळे पहिल्या आठवड्यात आम्ही बराच वेळ उभे होतो. डब्यातली शेवटची चकली तर महिनाभर तशीच राहिली.

"घ्या ना, नानासाहेब."

"छे छे, आपण घ्या."

"मी घेऊन राहिलो असतो, पण साखर वाढली ना बाप्पा."

शेवटी ती इराने खाल्ली.

सकाळी आम्ही दोघं फिरायला जायचो. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना हिरवळ, आणि चालणारे फक्त आम्ही. एकदा एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं, तुमची गाडी बंद पडली का? परत आलो की बेगल. हा एक मधे भोक असलेला पाव असतो. दिसतो मेदूवड्यासारखा आणि चावायला लागतो पायताणासारखा. आबासाहेब तो चहात बुडवून खायचे. "भिजला तं बरा लागते," म्हणायचे. ते खरं आहे.

इरा अकरा वर्षांची. तिला मराठी समजतं, पण तोंडातून इंग्रजी येतं. माझ्याशी तिचं जमायचं, कारण मी कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहार पाहिला होता. आबासाहेबांची नागपुरी मात्र तिला कळायची नाही आणि त्यांना इंग्रजी जमायचं नाही, म्हणून त्यांच्याशी 'हाय आबा' आणि 'बाय आबा' एवढंच. ते तिला काहीतरी विचारायचे, ती "हं?" म्हणायची, मग दोघंही हसून आपापल्या वाटेला लागायचे.

वासाचं खोकं

एका शनिवारी अभिजित आम्हा सगळ्यांना दोन तासांवरच्या शहरातल्या संग्रहालयात घेऊन गेला. तिथे इजिप्तचं दालन होतं. संगमरवरासारख्या दगडाच्या इवल्या कुप्या, पोट फुगलेल्या आणि मान बारीक. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी त्यात तेल भरलं होतं. थडग्यातल्या चित्रांची एक प्रतही होती. मेजवानीला बसलेल्या बायकांच्या डोक्यावर पांढुरके शंकू. सुगंधी चरबीचे ते गोळे मेजवानीभर हळूहळू वितळून केसांवर ओघळायचे, असं एक मत. चित्रकाराची ती केवळ खूण आहे, असं दुसरं. विद्वानांचं भांडण अजून मिटलेलं नव्हतं.

"लग्नात आपण अत्तर लावतो तसंच," आबासाहेब म्हणाले. "फक्त हे लोक डोक्यावर ठेवून बसत."

पुढे जाळी लावलेलं एक लाकडी खोकं होतं. बटण दाबा आणि जाळीतून मिसरी सुगंध घ्या. इरा म्हणाली, "नाना, यू फर्स्ट!" मी बटण दाबलं, नाक जाळीला लावलं, डोळे मिटले.

"हिराबोळ," मी म्हणालो. "त्यामागे दालचिनी. आणि अगदी तळाशी... लिली."

अभिजितने ते भाषांतर करून शेजारी उभ्या असलेल्या स्वयंसेविका आजींना सांगितलं. आजी ओशाळल्या. "अरेरे, माफ करा," त्या म्हणाल्या. "हे खोकं मागच्या महिन्यापासून रिकामं आहे. भरायचं राहिलंय."

क्षणभर मला दगडी कुपीत शिरावंसं वाटलं. मग मी म्हणालो, "लाकडात उरतो थोडा. सरावलेल्या नाकाला कळतं."

आजींनी छातीवर हात ठेवला. मेधाला अभिमानाने भरून आलं. आबासाहेब मात्र माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

तळघर

मिसरी लिलीच्या तेलाची कृती एका जुन्या ग्रीक वैद्याने लिहून ठेवली आहे. आधी तेल सुगंधी द्रव्यांत उकळायचं, मग हातांना मध चोळून पसरट भांड्यात ताज्या लिलीच्या फुलांवर ते ओतायचं, पिळायचं, गाळायचं, पुन्हा नवी फुलं. उत्तम तेल बेनच्या बियांचं. हा बेन म्हणजे आपल्या शेवग्याचा चुलतभाऊ. इंडियन स्टोअरमध्ये शेवगा होता, पण बर्फातला, सांबारात घालायच्या तुकड्यांचा. त्यातून तेल निघणं शक्य नव्हतं. शेवटी आम्ही डालड्यासारखी घट्ट चरबी आणली. शंकू बनवायला ती सोयीची पडली.

लिलीचा प्रश्न ईस्टरने सोडवला. सण संपला की तिथली दुकानं पांढऱ्या कर्ण्यासारखी लिलीची फुलं कुंड्यांसकट काढून टाकायला बघतात. अभिजितने गाडी भरून आणली.

तळघरात मेधाच्या केक भाजायच्या ट्रेमध्ये आम्ही चरबी पसरली आणि त्यावर फुलं रचली. आबासाहेबांनी विचारलं, "नानासाहेब, फुलं ओली आहेत. पुसून घेऊ का?"

"नको," मी म्हणालो. "ताजेपणा जाईल."

पहिल्या लेखात हा संवाद उलटा छापला आहे. ओली फुलं त्यांनी माझ्या नकळत टाकली, असं मी लिहिलं. खरं ते वर दिलं आहे.

ओली फुलं चरबीत कुजतात, हे मला माहीत होतं. नाक शाबूत असतं तर मी रोज सकाळी वास घेऊन फुलं बदलली असती. आता डोळ्यांना बरी दिसत होती म्हणून तशीच ठेवली. ट्रे घर तापवायच्या भट्टीशेजारी होता, हेही ध्यानात आलं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मेधा खाली आली आणि जिन्यावरच थांबली. "नाना... वास स्ट्राँग आहे, नाही?"

"मुरतोय," मी म्हणालो.

अभिजित आला. डोळ्यांत पाणी. "ऑथेंटिक वाटतंय एकदम," म्हणाला आणि भराभर वर गेला. त्या दिवसापासून तो जेवताना सगळ्या खिडक्या उघडून बसायला लागला. बाहेर गारठा, आम्ही कोट घालून वरणभात खातोय. इरा एकटीच म्हणाली, "नाना, इट स्मेल्स लाइक द टर्टल टँक."

"इरा!" मेधा ओरडली. "नाना एक्सपर्ट आहेत. तसाच असतो तो वास."

झालं. इराने ते खरं मानलं आणि आपल्या पुठ्ठ्याच्या फलकावर रंगीत अक्षरांत लिहिलं: प्राचीन इजिप्शियन लोकांना उग्र वास आवडत असत.

मला शंका यायला हवी होती. पण घरातलं एकही माणूस वाईट बोलत नव्हतं. सासऱ्याच्या, वडिलांच्या, व्याह्याच्या तेलाला घाण वास येतो असं म्हणायचं कुणी? एक दिवस अभिजितने एका माणसाला बोलावलं. भिंतीत उंदीर मेलाय का ते बघायला. तो विजेरी घेऊन सगळं घर हिंडला आणि शेवटी तळघरात आला. मी त्याला उत्साहाने ट्रे दाखवला आणि फारोंची, म्हणजे मिसरी राजांची, माहिती सांगितली. त्याने टोपी काढून ऐकून घेतलं. जाताना तो बाहेर अभिजितशी बराच वेळ बोलला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"नो रॅट्स, नाना," अभिजित म्हणाला.

इजिप्त नाइट

शाळेचं सभागृह टेबलांनी भरलं होतं. पुठ्ठ्याचे पिरॅमिड, साखरेच्या खड्यांचा स्फिंक्स, टॉयलेट पेपरात गुंडाळलेली मुलं. आमच्या शेजारच्या टेबलावर एका मुलाने खरोखरची कोंबडी मिठात ठेवून तिची ममी केली होती. आपल्याकडे असं काही शाळेत नेलं असतं तर आईबापांना बोलावून घेतलं असतं. इथे तिला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली होती.

इरा पांढऱ्या झग्यात, डोळ्यांत काजळ, डोक्यावर आमचा शंकू. समोर लिलीच्या तेलाची वाटी. माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती आणि गळ्यात पाटी: 'परफ्यूम एक्सपर्ट, इंडिया'.

लोक येऊ लागले. हसत यायचे, टेबलापासून चार पावलांवर हसू थिजायचं, मग पुढच्या टेबलाकडे. थोड्या वेळाने एक शिक्षिका आली आणि तिने कोंबडीवाल्या मुलाला हळूच सांगितलं की कोंबडी बाहेर ठेवशील का. बिचारा रडकुंडीला आला. कोंबडी गेली. लोक तरीही आमच्या टेबलाला वळसा घालत होते.

तेवढ्यात दिव्यांच्या उबेने शंकू वितळायला लागला. एक ओघळ इराच्या कपाळावरून गालावर आला. समोर उभ्या असलेल्या तिच्या वर्गातल्या मुलींनी नाकं धरली. एकीने "इऽऽ" केलं. इराने ओघळ बोटाने पुसला, बोट हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मुख्याध्यापिका आल्या. अतिशय गोड आवाजात त्यांनी विचारलं, "हे कुणी बनवलंय, विचारू का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. गळ्यात पाटीच होती. मी एवढंच म्हणायचं होतं की मला वास येत नाही, चूक माझी. मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

"मी, मॅडम," मागून आवाज आला. आबासाहेब पुढे आले. "ही इज एक्सपर्ट. आय अ‍ॅम इंजिनियर. आय पुट वेट फ्लॉवर. ही सेड नो, आय पुट. फुल मिस्टेक."

असं म्हणून त्यांनी इराच्या डोक्यावरचा शंकू दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या टकलावर ठेवला. तो लगेच घसरू लागला, तेव्हा एका हाताने धरला. मग फारो निघावा तसे ते दोन टेबलांच्या मधून दाराकडे निघाले. चरबी कानावर, कानावरून सदऱ्यावर. जाता जाता दोन्ही बाजूंना मान लववून "सॉरी, सॉरी, हाय, सॉरी" म्हणत होते.

आधी कोंबडीवाला मुलगा हसला. मग त्या नाक धरलेल्या मुली. आणि मग इरा इतकी हसली की तिचं काजळ गालभर पसरलं. "स्टिंकी आबा!" ती ओरडली. नासक्या वासाचे आबा! सगळी मुलं तेच ओरडत त्यांच्या मागे दारापर्यंत गेली आणि टाळ्या वाजवू लागली.

पहिल्या लेखात 'अमेरिकन श्रोते माझ्या व्याख्यानाने धुंद झाले' असं एक वाक्य आहे. ते खोडावं.

वाहनतळ

मी बाहेर गेलो तेव्हा आबासाहेब गाडीजवळ उभे राहून रुमालाने मान पुसत होते.

"आबासाहेब, आपण असं काहून केलं?" त्यांच्यासोबत राहून माझ्या तोंडी त्यांची भाषा बसली होती.

"तुम्ही बोलून राहिले नव्हते ना."

"मला वास..." मी सुरुवात केली.

"येत नाही. मला माहीत आहे." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, मग वास आठवून पुन्हा बाहेर काढला. "त्या रिकाम्या खोक्यात तुम्हाला लिली आली तेव्हाच शंका आली. दुसऱ्या दिवशी तुमच्या वाळ्याच्या अत्तराच्या कुपीत मी खोबरेल भरलं. तेव्हापासून रोज कानामागं लावून फिरून राहिले तुम्ही."

"आणि अत्तर?"

"मी लावतो. मस्त आहे."

"मग त्या ट्रेबद्दल मला सांगितलं का नाही?"

ते चमकले. "व्याह्याला कसं सांगायचं, नानासाहेब?"

सांगली

परत आल्यावर लोक विचारू लागले, आणि मी हा प्रसंग सांगू लागलो. पहिल्यांदा सांगताना मी फक्त माझ्या नाकाचा भाग गाळला. तो गाळला की उरलेलं सगळं आपोआप आबासाहेबांवर जातं. लोक हसले. दुसऱ्यांदा सांगताना मी आबासाहेबांनी बेगल चहात बुडवल्याचं घातलं. लेख लिहीपर्यंत ते पुरते विदूषक झाले होते आणि मी शहाणा. अंक कुणीतरी नागपूरला पोचवला. आबासाहेबांचा फोन आला. "छान लिहिलं," म्हणाले. बाकी हवापाण्याचं बोलले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी दोन वर्षं बरा झोपलो असतो.

मागच्या आठवड्यात हा मजकूर इथपर्यंत झाला, तेव्हा मी नागपूरला फोन लावून त्यांना तो सगळा वाचून दाखवला. मधे एकदा फक्त म्हणाले, "फारोसारखा नाही चाललो मी. डोळ्यात चरबी गेली होती, दार दिसून नव्हतं राहिलं."

"छापू ना?"

"छापा ना. खुशाल छापा."

मला इतकं हलकं वाटलं की मी पुढे बोलून गेलो, "आणि रविवारी इरालाही फोन करून सांगतो. पोरीला खरं कळलं पाहिजे."

पलीकडे चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"इराला काहून?" आबासाहेब म्हणाले.

"म्हणजे काय? ती अजून आपल्याला नासक्या वासाचे आबा म्हणते!"

"म्हणते ना. दर रविवारी फोन करते. 'स्टिंकी आबा, आज आंघोळ केली का?' मी म्हणतो, 'नो.' ती हसते. मग मी म्हणतो, 'नेक्स्ट संडे.' ती पुन्हा हसते. संपलं." त्यांनी घसा साफ केला. "तेवढंच आमचं बोलणं आहे, नानासाहेब. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, तुम्हाला दुसरं काही सापडेल. तिला सांगाल तं ती मला पुन्हा 'हाय आबा, बाय आबा' करेल. सांगलीत काय सांगायचं ते सांगा. ते नाव मी परत देणार नाही."

मी पुष्कळ समजावलं. ऐकले नाहीत. व्याही आहेत, जास्त ताणता येत नाही.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. तुमच्यापैकी कुणी डब्लिनला गेलंच आणि मेधाच्या घरी चहाला थांबलंच, तर इरासमोर तेलाचा विषय निघाल्यावर जुन्या लेखाला धरून बोलावं. हा अंक तिच्या घरी जाणारच आहे, त्याची मला काळजी नाही. इराला मराठी वाचायला शिकवलं नाही म्हणून मी मेधाला आजवर फार बोललो आहे. आता बोलणार नाही.